पौर्णिमेची ओहोटी

पेन्सिलची खूण अगदी बारीक होती. दिवाळी अंकातल्या माझ्या कथेत एका वाक्याखाली रेघ ओढलेली आणि समासात एकच शब्द: ‘ओहोटी’. अंक परत आणून दिला तो आमच्या कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट विभागातल्या एका तंत्रज्ञाने. मुलगा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. अंक त्याने घरी नेला होता आणि त्याच्या वडिलांनी कथा वाचली होती. “बाबा म्हणतात, मॅडमना एकदा घरी घेऊन ये,” तो म्हणाला.

वाक्य असं होतं: ‘पारसिकच्या डोंगरामागून पौर्णिमेचा चंद्र वर आला तेव्हा खाडी काठोकाठ भरली होती.’

हे वाक्य माझं लाडकं होतं. अख्खी कथा मी त्या एका चित्रावरून रचली होती. एका मुलीला जुन्या रेडिओच्या खरखरीतून निरोप ऐकू येऊ लागतात. ते चाळीस वर्षांनंतरच्या काळातून येताहेत आणि पाठवणारी तीच आहे, म्हातारी झालेली. पौर्णिमेच्या संध्याकाळी मुलगी होडी घेऊन खाडी ओलांडते, कारण पलीकडे काय होणार आहे ते तिला आधीच कळलेलं असतं. निरोप काळात उलटा कसा येतो हे पटवायला मी दोन पानं खर्ची घातली होती. प्रकाशापेक्षा वेगवान कण, कार्यकारणभाव, सगळं होतं त्यात. त्या दोन पानांसाठी मी महिनाभर वाचन केलं होतं.

रविवारी सकाळी गेले. त्याचे वडील, म्हणजे काका, पंच्याहत्तरीच्या आसपासचे. ओट्यावर बसून जाळ्याची फाटलेली घरं शिवत होते. चहा झाला, कथेचं कौतुक झालं. म्हातारी बाई आपल्याच तरुणपणाशी बोलते हे त्यांना मनापासून आवडलं होतं. भविष्यातून निरोप कसा काय येतो, असं त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. मग चष्मा काढून म्हणाले, “पण ताई, पुनवेला चंद्र उगवतो तेव्हा आपल्या खाडीत पाणी कुठं असतं? चिखल असतो. तुमची पोरगी होडी घालणार कशात?”

मी गप्पच झाले.

“तिथीची पाऊणपट करा,” म्हणाले, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवू लागले. “चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता पूर्ण भरती, दुपारची आणि रात्रीची. अष्टमीला सहा. पुनव म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. वर आपल्या या टोकाला पाणी पोचायला लागेल तेवढा वेळ धरा. म्हणजे बाराच्या पुढंमागं, दुपारी आणि रात्री. मग सांजच्याला काय असणार?”

सांजच्याला ओहोटी असणार. भरती आणि ओहोटी यांत सहा तासांचं अंतर असतं हे मी शाळेत शिकले होते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो हेही मला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात होत्या, पण एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. एकोणीसशे एकोणनव्वदपासून मी कळव्याच्या पुलावरून कंपनीच्या बसने रोज खाडी ओलांडत होते. विटावा, दिघा, मग ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा. पाणी कधी भरलेलं दिसायचं, कधी नुसता काळा गाळ आणि त्यात रुतलेले बगळे. आज पाणी आहे, काल नव्हतं, यामागे काही हिशेब आहे आणि तो आपण मांडू शकतो, हे इतक्या वर्षांत मनातही आलं नव्हतं. कंपनीत मात्र टाकीतल्या पातळीचं गणित मी मिलिमीटरमध्ये करत होते.

घरी येऊन कागद घेतला. एका चांद्रमासात तीस तिथी. तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाची चोवीस तासांची एक फेरी पूर्ण करते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. काकांची पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटं. पेरांवर मोजलेल्या हिशेबात तिथीमागे फक्त तीन मिनिटांचा फरक. शिवाय हा हिशेब आपल्याच किनाऱ्याचा. दर बंदराची वेळ तिथल्या किनाऱ्याच्या आणि समुद्रतळाच्या आकारावर ठरते, दुसरीकडे पौर्णिमेला भलत्याच वेळी भरती येऊ शकते. काकांचा नियम मुंबईच्या आसपासच्या पाण्याकडे पिढ्यान् पिढ्या पाहून तयार झालेला आहे. निरीक्षण, नियम, नियमावरून अंदाज, आणि अंदाज चुकला तर होडी चिखलात. याला विज्ञान म्हणायचं नाही तर कशाला?

विज्ञानकथेत विज्ञान किती असावं, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्या रविवारपर्यंत माझं उत्तर प्रमाणाचं होतं. स्वयंपाकात मीठ किती, तसं. आता तो प्रश्नच मला चुकीच्या मापाने मोजलेला वाटतो.

आपल्याकडे विज्ञानकथा विज्ञानप्रसाराचं बोट धरून मोठी झाली. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतल्या. १९७४ मध्ये त्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली आणि पहिली ठरली. ते जयंत विष्णु नारळीकर होते. आपल्या नावाच्या वजनाने निकाल लागू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं होतं. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ मराठीत कथा लिहितो आहे, याने माझ्यासारख्या कितीजणींना लिहायचं बळ मिळालं असेल! पण या प्रसाराच्या वारशातून एक सवयही आली. कथेत एक प्राध्यापक असतो, एक पुतण्या असतो, पुतण्या विचारतो आणि प्राध्यापक समजावतो. मीही अशा कथा लिहिल्या आहेत. कथेचं विज्ञान त्या समजावण्यात आहे अशी माझी खरोखर समजूत होती.

२०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्या आठवड्यात मी त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ पुन्हा वाचली. माणूस अवकाशाच्या एका पिळातून फिरून येतो आणि आरशातल्यासारखा उलटा होतो, उजव्याचा डावा. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कॉलेजात होते. कागदाच्या पट्टीला पीळ देऊन टोकं चिकटवली, त्यावर एका बाजूने काढलेलं चित्र सरकवत नेलं, आणि ते उलटं होऊन परत आलेलं पाहून रात्री झोप लागली नव्हती. मग एक प्रश्न डोक्यात घुसला तो पुढे कित्येक वर्षं निघाला नाही: असा उलटा झालेला माणूस जेवेल काय? आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती डाव्या घडणीची असतात, साखर उजव्या घडणीची. उलट्या माणसाची पाचक द्रव्यंही उलटी. उजव्या हातमोज्यात डावा हात जात नाही, तसं आपलं अन्न त्याच्या शरीराच्या कामी येणार नाही. भरल्या ताटावर बसून तो हळूहळू उपाशी मरेल. मला यात विज्ञानकथेचं सगळं मर्म दिसतं. एक अशक्य गोष्ट मान्य केली की जग तिथून पुढे तुमच्याशी भांडायला लागतं. ते भांडण खरं असलं पाहिजे.

कथेतलं विज्ञान म्हणजे जगाने दिलेला नकार. पात्राला काहीतरी हवं असतं आणि निसर्ग म्हणतो, नाही, पाणी नाही, वेळ नाही, एवढी ऊर्जा नाही. त्या नकारापाशी माणूस काय करतो तिथे कथा सुरू होते. माझ्या दोन पानांत नकार कुठेच नव्हता. मुलीला निरोप हवा होता, आला. होडी हवी होती, पाणी हजर होतं. काकांनी एका शब्दात तिची वाट अडवली.

चुकलेल्या आकड्याबद्दलही थोडं सांगायला हवं. भा. रा. भागवतांनी ज्याला मराठी मुलांच्या हाती दिलं त्या ज्यूल व्हर्नने १८६५ साली आपली माणसं तोफेतून चंद्राकडे पाठवली. तोफेची नळी ९०० फूट, गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. हे आकडे त्याने छापून टाकले म्हणून आपण हिशेब करू शकतो. तेवढ्या नळीत तेवढा वेग गाठायचा तर आतल्या माणसावर स्वतःच्या वजनाच्या २२ हजार पटींहून जास्त भार येईल. मी साठ किलोची, म्हणजे तेरा-चौदाशे टन. व्हर्नने धक्का झेलायला गोळ्याच्या तळाशी पाणी ठेवलं होतं, त्याने काहीही वाचलं नसतं. तरी ती चूक मला प्रिय आहे, कारण ती मोजता येते. रशियातल्या त्सिओल्कोव्स्कीने व्हर्न वाचला, तोफ चालणार नाही हे ओळखलं आणि रॉकेटचं गणित मांडून १९०३ साली प्रसिद्ध केलं. उलट ज्या कथेत नुसतं ‘अद्भुत ऊर्जा’ असं लिहिलेलं असतं तिच्यात चूक सापडत नाही, आणि त्यातून पुढे काही निघतही नाही.

मात्र नकार खरा हवा, असं म्हणताना मला एका वेगळ्याच कथेकडे जावं लागतं. १९५४ साली अमेरिकेतल्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकात टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा आली. एका दूरच्या ग्रहावर आजारी पडलेल्या माणसांसाठी औषध घेऊन एक छोटं यान निघालं आहे. इंधन चालकाच्या आणि औषधाच्या वजनापुरतं, तोलून मापून. त्यात एक मुलगी लपून बसलेली सापडते. तिला त्या ग्रहावरच्या आपल्या भावाला भेटायचं असतं, चूक झाली तर दंड भरू अशी तिची कल्पना. पण तिच्या वजनासकट यान उतरू शकत नाही. ती राहिली तर सगळेच मरतील. शेवटी तिला बाहेर जावं लागतं. वस्तुमान, वेग, इंधन यांना दया नसते, असं ती कथा सांगते. तिशीत वाचली तेव्हा मी रडले होते आणि हीच खरी विज्ञानकथा असं मैत्रिणींना सांगत सुटले होते.

मग आमच्या कंपनीत ती रात्र झाली.

सॉल्व्हंटच्या टाकीवर हाय लेव्हल स्विच होता. पातळी ठरल्यापेक्षा वर गेली की पंप आपोआप ट्रिप व्हायचा, म्हणजे बंद पडायचा. तो स्विच तीन दिवस खोटे ट्रिप देत होता. टँकर खोळंबत होते. कुणीतरी पॅनेलमध्ये जंपर, म्हणजे वायरीचा एक तुकडा, जोडून त्याला बायपास केलं आणि लॉगबुकात नोंद केली नाही. चौथ्या रात्री टाकी भरून वाहिली. सॉल्व्हंट टाकीभोवतीच्या डाइकच्या, म्हणजे सांडलेलं अडवणाऱ्या बांधाच्या, भिंतीत साठलं, ठिणगी पडली नाही, कुणाला इजा झाली नाही. पण वास पलीकडच्या गावात गेला. तिथली म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं पहाटेपर्यंत घराबाहेर बसली होती. सकाळच्या बैठकीत अहवाल वाचला गेला. त्यात काय होतं? सॉल्व्हंट बाष्पनशील आहे, रात्री हवा थंड असल्याने वाफ जमिनीलगत राहिली, वारा नेमका त्या दिशेला होता. एकेक वाक्य खरं. कुठलंही वाक्य कुणी खोडू शकलं नसतं. आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात तो जंपर होता. वीतभर लांबीची लाल वायर, दोन्ही टोकं सोललेली, एका टोकाचे धागे पिळून जरा काळे पडलेले.

मी त्या बैठकीत बोलले नाही. दुसऱ्या दिवशी लेखी दिलं आणि वायर सोबत जोडली. एक दिवस उशीर झाला, तो मला आजही सलतो.

त्यानंतर ‘द कोल्ड इक्वेशन्स’ वाचली तर मला पानापानावर जंपर दिसायला लागले. माणसं ज्या यानावर अवलंबून आहेत त्यात जादा इंधन शून्य, हे कुणी ठरवलं? आमच्या साध्या टाकीला जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो, डाइकची भिंत असते. आत कुणी शिरू नये अशा दाराला नुसती पाटी, कुलूप नाही? निघण्याआधी वजन तपासलं नाही? इंधनाचं समीकरण खरं आहे, पण ज्या परिस्थितीत ते समीकरण मुलीचा जीव घेतं ती परिस्थिती माणसांनी घडवली आहे. कुणीतरी पैसे वाचवले आणि पाप निसर्गाच्या माथी मारलं. असं सांगतात की संपादक जॉन कॅम्बेल ही कथा पुन्हा पुन्हा परत पाठवत होता, कारण गॉडविन दर वेळी मुलीला वाचवायचा काही ना काही मार्ग काढत होता. मला हे वाचून त्या लेखकाबद्दल माया वाटली. त्याच्यातला माणूस मार्ग शोधत होता, आणि मार्ग होते.

कथेत विज्ञान खरं का असावं, याचं माझं उत्तर त्या लाल वायरीपाशी आहे. निसर्गाचा नकार आणि माणसाचा नकार हे बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोन्हीकडे आकडे असतात, दोन्हीकडे ‘इलाज नाही’ असं म्हटलेलं असतं. ते वेगळे ओळखायचे तर खाडीत पाणी कधी असतं आणि कधी नसतं हे ठाऊक असावं लागतं. ज्या वाचकाला लेखकाने वर्षानुवर्षं खोटी भरती दाखवली, तो अहवालातला वाराही निमूट मान्य करेल. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाशी मी असं वागू शकत नाही. त्याच्या खिडकीतून रात्री वास येतो, आणि तो वाऱ्यामुळे की वायरीमुळे, हे त्याला विचारता आलं पाहिजे.

म्हणून मंगळावर वादळ आणणाऱ्या लेखकांवरही मी रागावत नाही. तिथली हवा इतकी विरळ की तिचा दाब आपल्या हवेच्या एक टक्काही नाही, तिच्या वादळाने यान कलंडणार नाही. पण कथा सुरू करायला एकदा घेतलेली ही सूट आहे, तिच्या जोरावर कुणाचा दोष झाकलेला नाही. सूट घ्यावी. काकांनीही मला भविष्यातल्या निरोपाची सूट दिलीच होती.

कथा मी पुन्हा लिहायला घेतली. आधी वेळ बदलून पाहिली, होडी मध्यरात्री घालावी म्हणून. दोन दिवस तसं लिहिलं आणि फाडलं. मग चंद्र होता तिथेच ठेवला आणि पाणी काढून घेतलं. मुलगी धक्क्याच्या पायऱ्यांवर येते, पारसिकमागून चंद्र वर येतो आणि समोर नुसता गाळ. होडी एका कुशीवर कललेली. चालत जायचं तर कमरेपर्यंत रुतणार. तिच्या हातात काही नाही, सहा तास थांबायचं. त्या सहा तासांत रेडिओवर म्हातारी तिच्याशी बोलते. आधीच्या कथेत म्हातारी फक्त सूचना द्यायची, इथे जा, हे कर. आता तिला माहीत असतं की मुलीला थांबावंच लागणार आहे, ती स्वतः इथेच थांबलेली होती. ती तिला तो चिखल कसा वाटला होता ते सांगते. पाय गार पडले होते, भूक लागली होती, पुलावरून लोकल गेली की पायरी थरथरायची. कार्यकारणभावाची दोन पानं आपोआप गळाली. ती कुठे गेली हे माझ्या लक्षातही आलं नाही.

छापायला देण्याआधी मी एका पौर्णिमेला रात्री खाडीवर गेले. काका येणार होते, पण गुडघे दुखत होते म्हणून त्यांनी मुलाला आणि सुनेला पाठवलं. सुनेने थर्मासमधून चहा आणला होता. आम्ही नऊच्या सुमारास पोचलो तेव्हा पाणी यायला लागलं होतं. मला वाटलं होतं ते समोरून येईल, लाटेसारखं. ते तसं येत नाही. गाळातल्या बारीक चरांतून आधी एक चकाकी सरकत येते. खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे फुटायला लागतात, हलका चटचट आवाज होतो. मग चर एकमेकांना मिळतात. तिवरांच्या मुळ्या एकेक करून बुडतात, आणि कुठली शेवटची ते डोळ्यांना पकडता येत नाही.

साडेअकरानंतर कुणी फारसं बोललं नाही. आमच्यासमोर एक होडी कुशीवर पडलेली होती, दोर सैल. पाणी तिच्या खालून शिरत होतं. एक-दोनदा ती हलल्यासारखी वाटली, पुन्हा टेकली. बारा वाजून काही मिनिटांनी लाकूड एकदाच करकरलं आणि ती हळूच सरळ झाली. दोर ताणला गेला. सुनेने कप खाली ठेवला आणि म्हणाली, “आता जाऊ दे तिला पलीकडे.”